पिल्लूवालं अस्वल

त्यानं आधी शटर अर्धं खाली ओढलं आणि मग वाकून आत आला.

"शटर कशाला ओढलं?" मी विचारलं.

"ऊन येतंय."

ऊन येत नव्हतं. आमच्या दुकानाचं तोंड उत्तरेला आहे.

एप्रिलची दुपार होती. मोंढ्याच्या बाजारातली निम्मी दुकानं त्या वेळी बंद असायची. उरलेल्या दुकानांत माणसं पोत्यांवर आडवी झालेली असायची. हे माल आणायला नांदेडला गेले होते. दुकानात मी एकटी. लग्न होऊन आल्यापासून मी मामंजींच्या शेजारी काउंटरवर बसत होते. ते गेल्यावर जुन्या ट्रॅक्टरांचं गिऱ्हाईक माझ्याकडेच यायचं. कुणी गंजका तुकडा आणून ठेवायचं, मी तो पुसून, हातात फिरवून सांगायचे, हा अमक्या ट्रॅक्टरचा. गिऱ्हाईक एकट्या बाईला भेटतं याची मला सवय होती. पण हा माणूस दुकानात येऊन भिंतीवरचे पार्ट बघत नव्हता. तो मागच्या दाराकडे बघत होता.

"आत कोण हाय?"

"कामगार आहेत," मी खोटं बोलले.

त्याच्या ते लक्षात आलं असावं. तिशीतला, रुंद खांद्यांचा, पायात टायरच्या चपला. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. मला आधी ते ग्रीस वाटलं. मग कडेला वाळलेला भाग दिसला, तो तपकिरी होता.

त्यानं खिशातून फडकं काढलं, काउंटरवर उलगडलं. आत पितळेची पाटी होती, इंजिनाच्या अंगावर ठोकलेली असते तशी. छिन्नीनं उचकटलेली. एका बाजूनं तुटलेली.

"हे कोणतं ट्रॅक्टर?"

मी पाटीवरून अंगठा फिरवला. अक्षरं परकी होती, पण कोपऱ्यात उठावाचं अस्वलाचं तोंड होतं.

आमच्या भागात त्या रशियन ट्रॅक्टरला सगळे अस्वलच म्हणत. पूर्वी दोन-चार आले होते. एव्हाना एकच चालू स्थितीत उरलं होतं, सावरखेड्याच्या अण्णाराव पवळ्यांकडचं. आणि सकाळीच समोरच्या हॉटेलवाल्यानं चहा देताना सांगितलं होतं की अण्णारावांच्या गोठ्यापुढून अस्वल चोरीला गेलं, आणि त्यांचा पुतण्या सोपान जीपमध्ये माणसं घालून पहाटेपासून रानं धुंडाळतोय.

"सांगा ना ताई."

"रशियन आहे. पाटी कुठं मिळाली?"

"भंगारात."

"तुटली कशी?"

"काढताना तुटली. तुकडा पडला कुठंतरी." तो पुढं वाकला. "वजन किती असंल याचं?"

"का?"

"तुम्ही वजन सांगा."

"दोन टनांच्या वर. नक्की नाही सांगता यायचं."

"मधून सुटं होतं का? मागचा भाग, पुढचा भाग. बोल्ट कुठं असत्यात? आन् कापायचं म्हणलं तर बीड कुठं आन् साधा पत्रा कुठं?"

म्हणजे हाच चोर. कापून भंगारात विकणार. माझा हात हळूच फोनकडे गेला. तो काळा, तबकडीचा फोन होता. माझी बोटं रिसीव्हरपर्यंत पोचायच्या आत त्यानं आपला हात त्यावर ठेवला. जोरानं नाही. नुसता ठेवला. हाताच्या नखांत चिखल भरला होता.

"फोन नका करू."

ओरडले असते तर समोरच्या दुकानात ऐकू गेलं असतं कदाचित. पण आवाज निघेल असं मला वाटेना. मामंजी एक गोष्ट सांगायचे, गिऱ्हाईक तापलं की आपण मालाबद्दल बोलत राहावं. तेवढंच मला सुचलं.

"कापायचं कसं ते सांगते. पण आधी मॉडेल कळलं पाहिजे. या पाटीवर 'चाळीस' दिसतंय, त्याच्यापुढचं तुटलंय. अस्वल चाळीस दोन तऱ्हेचं यायचं. एक साधं, त्याला बॅटरीवर फिरणारा स्टार्टर. दुसऱ्याला चाळीसच्या पुढं अजून एक अक्षर असतं. ते थंड मुलखातलं. त्याला सुरू करायला बाजूला छोटं इंजिन असतं, लोक त्याला पिल्लू म्हणतात. आधी दोरी ओढून पिल्लू चालू करायचं, मग ते मोठ्या इंजिनाला फिरवतं."

"बाहेरून सारखीच दिसत्यात?"

"बोनेट लावलं की सारखीच."

"मग फरक काय पडतो? मला नुसतं कापायचंय."

"साधं असेल तर काप. पिल्लूवालं असेल तर गॅसचा कटर जवळ नेऊ नको."

"का?"

"मोठं इंजिन डिझेलचं असतं. पिल्लू पेट्रोलवर चालतं. त्याची टाकी वेगळी, बाजूला आत लपलेली."

त्यानं फोनवरचा हात उचलला. तो तसाच मागं सरकला आणि रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसला. माझी सुटका झाली असं वाटून मी रिसीव्हर उचलणार, तेवढ्यात तो बोलला, माझ्याशी नाही, जमिनीशी बोलावं तसं.

"सकाळी पेटिवला होता मी कटर. मडगार्डाला लावला. लिंबा ओरडला, चटका बसतोय म्हणला. म्हणून थांबलो."

"लिंबा कोण?"

"भाऊ. धाकटा."

"तो तिथं काय करत होता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि मग मला कळलं की वजन कशाला हवं होतं.

त्याचं नाव नागू. दोघं भाऊ भंगाराचा टेम्पो चालवायचे. अस्वल टेम्पोला बांधून पहाटे आडवाटेनं ओढत नेताना नाल्याच्या उतारावर दोर तुटला. लिंबा स्टेअरिंगवर होता. ट्रॅक्टर त्याला घेऊन नाल्यात कलंडलं. मांडीपासून पाय मडगार्डाखाली, खाली खडक. म्हणजे खणताही येईना.

"अरे मग लोकांना बोलाव! सकाळपासून काय करत बसलास?"

"मागल्या साली आमच्या चुलत्याला एका गावानं धरलं. विहिरीवरली मोटर गेली म्हणून. बडवून बडवून मारला ताई. मोटर दुसऱ्यानंच नेली होती. आन् आम्ही तर खरंच ट्रॅक्टर नेलंय." तो उठला. "तुम्ही फकस्त सांगा, कापू का नको कापू."

"मला इथून कसं सांगता येईल? बघावं लागेल."

हे वाक्य मी रोज गिऱ्हाइकांना म्हणायचे. सवयीनं तोंडातून गेलं. तो मात्र ते ऐकून शटर वर करायला लागला होता.

मी दोन जॅक घेतले, एक पहार, पान्यांची पेटी. शेजारच्या बंद दुकानाकडे एकदा बघितलं. कुणाला सांगावं असं वाटलं, आणि काय सांगावं ते कळेना.

टेम्पोत बसल्यावर खरी भीती सुरू झाली. डांबरी रस्ता होता तोवर ठीक होतं. समोरून एक एसटी गेली, सायकलवर एक माणूस गेला. मग त्यानं टेम्पो गाडीवाटेला वळवला. दोन्हीकडं बोरी-बाभळी, मध्ये फुफाटा. मागच्या हौद्यात कटरच्या गॅसचं नळकांडं गडगडत होतं. मला एकदम वाटलं, भाऊबिऊ काही नाही. मॉडेल ओळखणारी बाई म्हणून मला न्यायचं, काम करून घ्यायचं आणि पुढं काय करतील कुणास ठाऊक. मी मोठ्यात मोठा पाना मांडीवर घेऊन बसले. त्यानं ते बघितलं.

"धरा हातात," तो म्हणाला. "मला काय वाटत नाही."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं अचानक टेम्पो झुडपाआड घालून बंद केला. मी पाना उचलला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. लांबवर एक जीप धूळ उडवत चालली होती. आत माणसं उभी होती, हातात काठ्या. मी ओरडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं. नागूनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं आणि वाट बघत राहिला. मी ओरडते की नाही याची वाट बघत होता, हे मला समजलं. जीप निघून गेली. मी का ओरडले नाही ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

नाला खोल होता. पाणी जेमतेम घोटाभर, मध्ये डबकी, बाकी काळा खडक. अस्वल डाव्या कुशीवर पडलं होतं. चाक वर आलेलं, बोनेट चिखलात रुतलेलं. आणि मडगार्डाखाली, एका दगडाला डोकं टेकून, लिंबा.

पंचविशीचा असेल. ओठ पांढरे पडलेले. नागूनं आपल्या धोतराची पट्टी फाडून त्याच्या मांडीवर घट्ट बांधली होती. लिंबाच्या तोंडावर सावली यावी म्हणून दोन फांद्या रोवल्या होत्या.

"आणलं का दादा कुणाला?"

"आणलं. ट्रॅक्टरवाल्या ताई हायेत."

लिंबानं माझ्याकडे मान वळवली. "ताई, कापायच्या आधी मला सांगा बरं का. एकदम नका करू."

सगळीकडे डिझेलचा वास भरला होता. त्या वासात पेट्रोल आहे की नाही हे नाकाला कळणं शक्य नव्हतं. पिल्लू असेल तर डाव्या बाजूला, म्हणजे नेमकं खाली, चिखलात. स्टार्टर असेल तरी तिथंच. बघायला वावच नव्हता. हातानंच चाचपायचं.

मी पदर खोचला आणि खडकावर पालथी झाले. पुढच्या चाकाचा आस आणि इंजिन यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट होती. डोकं आत घालावं लागलं. कानाशी त्या ट्रॅक्टरचं लोखंड तापलेलं होतं आणि ते सारखं बारीक आवाज करत होतं, टक, टक. ते अजून सरकत होतं की उन्हानं तडतडत होतं? मला ठरवता येईना. माझं डोकं आणि लिंबाचा पाय एकाच वजनाखाली होते.

"काय लागलं हाताला?" नागूनं विचारलं.

"थांब."

चिखल. मग एक नळी. मग काहीतरी गोल, मनगटापेक्षा जाड. स्टार्टरही गोलच असतो. मी बोटं पुढं सरकवली. स्टार्टर असेल तर मागं जाड वायर सापडली पाहिजे. वायर लागेना. पण वायर तुटलीही असेल. मी श्वास सोडून खांदा आणखी आत रेटला. बोटांना एक चाक लागलं, लहानसं, ताटलीएवढं. त्याच्या कडेनं बोट फिरवलं आणि ते एका खाचेत बसलं.

मामंजी त्या खाचेत दोरी गुंडाळायचे. मी नवी नवरी असताना बीजगुणन फार्मवरचं अस्वल आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. ते दोरी ओढायचे, पिल्लू फडफडायचं, आणि सगळे हसायचे. स्टार्टरला दोरीची खाच नसते.

मी आणखी थोडं वर चाचपलं. पत्र्याची टाकी. बोटानं टिचकी मारली. आवाज भरीव आला. अर्धी तरी भरलेली होती. तिच्या बुडाला छोटा नळ होता, तो मी चिमटीत धरून आवळला.

मी बाहेर आले.

"पिल्लूवालं आहे," मी म्हणाले. "कटर वर नेऊन ठेव. लांब."

नागू जागचा हलला नाही. ज्या मडगार्डाला त्यानं सकाळी ज्योत लावली होती तिथं रंग जळून काळा डाग पडला होता. तिथून टाकी हातभर अंतरावर होती. तो त्या डागाकडे बघत राहिला. मग नळकांडं खांद्यावर घेऊन वर चढून गेला आणि परत आला.

अस्वलाच्या मागच्या आसाचं घर एकसंध बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, ते वजन झेलतं. पण डाव्या अंगाला आस खडकात अडकला होता. एकच जॅक नीट बसेल अशी जागा सापडली. नागूनं दांडा फिरवायला सुरुवात केली. मी दगड घेऊन तयार राहिले, जितकं उचलेल तितके खाली सरकवायला. ट्रॅक्टर हललं. बोटभर वर आलं. लिंबा रडायला लागला, पाय मोकळा झाल्यासारखा वाटतोय म्हणाला.

मग ओल्या खडकावर जॅकचं बूड सरकलं.

लिंबाची ती किंकाळी मी आयुष्यात विसरले नाही. नागूनं स्वतःचा खांदा आसाखाली घातला आणि दोन्ही हातांनी जॅक धरून ठेवला. जॅक तिरका झाला होता, पण पडला नव्हता. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या.

"दुसरा लावा ताई!"

"दुसऱ्याला जागा नाही. माणसं पाहिजेत नागू. चार-पाच तरी."

"न्हाई."

"तू किती वेळ धरशील?"

"धरतो मी. माणसं नको."

"दादा," लिंबा म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "बोलवू दे रे. मारलं तर मारू दे."

मी चढण चढले.

गाडीवाटेवर कुणी नव्हतं. मी पळत डांबरी रस्त्याच्या दिशेनं निघाले, चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही. वळणावर धूळ दिसली. मी दोन्ही हात वर करून मध्येच उभी राहिले. तीच जीप होती. पुढं अण्णाराव पवळे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. चालवायला सोपान. मागं चार-पाच जण.

मला ते कोण आहेत हे ठाऊक होतं. त्यांनी गाडी थांबवल्यावर मी आधी त्या काठ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "नाल्यात माणूस अडकलाय. ट्रॅक्टरखाली. लवकर चला."

"कोणतं ट्रॅक्टर?" सोपाननं विचारलं.

मी नाल्याकडे बोट दाखवलं. त्याला उत्तर लागलंही नाही.

ते माझ्या आधी खाली उतरले. मी काठावर पोचले तेव्हा सोपाननं विडी पेटवलेली होती आणि तो तोंडात ती धरूनच अस्वलाकडे चालला होता.

"विडी टाका!" मी ओरडले. "खाली पेट्रोलची टाकी आहे!"

अण्णाराव वळून माझ्याकडे बघायला लागले. "तुला कसं ठाऊक?"

"हात घालून बघितलं. पिल्लू आहे."

त्यांनी सोपानच्या तोंडातली विडी काढून डबक्यात टाकली. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. शहाणा, वयस्कर माणूस आहे.

सोपाननं पहिली काठी नागूच्या पाठीत घातली.

नागू वाकलेलाच होता. त्याला वळताही येत नव्हतं. दुसरी काठी कमरेत बसली. मग मागून आणखी दोघं आले. काठ्यांचा आवाज त्या नाल्यात घुमत होता. नागूनं जॅक सोडला नाही. तो फक्त म्हणत होता, "मारा. मारा मालक. पर आधी ह्याला काढा. मी कुठं जात नाही." लिंबा खालून हात जोडत होता. त्याला त्या काठ्या अगदी समोर दिसत होत्या.

मी अण्णारावांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"अण्णा, त्यानं हात सोडला तर तुमचं ट्रॅक्टर त्या पोरावर बसेल. सगळ्यांच्या देखत. मग कुणाला काय सांगणार?"

अण्णारावांनी थोडा वेळ घेतला. तेवढ्या वेळात आणखी काठ्या पडल्या. मग ते म्हणाले, "सोपान, बस झालं. आधी उचला."

माणसं लागल्यावर काम पटकन झालं. पहार खाली घातली, दुसरा जॅक मी सांगितल्या जागी बसवला, दगड सरकवले. लिंबाला बाहेर ओढला तेव्हा त्याचा पाय बघून एकाला उलटी झाली. लिंबाला झोळी करून वर नेला, जीपच्या मागच्या बाजूला आडवा ठेवला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अण्णाराव स्वतः स्टेअरिंगवर बसले.

"नागूला घ्या," मी म्हणाले.

"जागा नाही."

जीपमध्ये जागा होती. समोरची सीट रिकामी होती. सोपान आणि बाकीचे नाल्यातच थांबले होते.

"अण्णा, त्यालाही दवाखान्यात—"

"पोराला वाचवायचंय ना तुला?" असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

मी मागं वळून बघितलं. नागू अस्वलाच्या चाकाला टेकून बसला होता. जॅकचा दांडा अजून त्याच्या हातात होता. बोटं उघडत नव्हती म्हणून तो एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून सोडवत होता. सोपान त्याच्या पुढं उभा होता. मग वळण आलं.

लिंबा वाचला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. नागूला संध्याकाळी पोलिसांच्या ताब्यात दिलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात मनगटापासून मोडलेले होते. ट्रॅक्टर उचलताना सापडले, असं सगळ्यांनी सांगितलं. हाडं वाकडी जुळली. पुढं त्याला घागर उचलता येत नसे, असं लिंबाच्या बायकोनं मला सांगितलं.

केस उभी राहिली ती चोरीची आणि माझ्या अपहरणाची. चोर बाईला दुकानातून उचलून घेऊन गेला, पवळ्यांच्या माणसांनी तिला सोडवलं, अशी ती हकिगत होती. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी सोपान दुकानात आला. यांना म्हणाला, वहिनींनी जास्त काही बोलायचं नाही, घाबरले होते एवढंच सांगायचं. जाताना त्यानं काउंटरवरचा पाना उचलला, हातात तोलून बघितला आणि परत ठेवला. सकाळी निघताना हे एवढंच म्हणाले, "तुला जे दिसलं ते तुलाच माहीत." त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

कोर्टात नागू पिंजऱ्यात उभा होता. हात पुढं धरलेले, जणू कुणाचे तरी सांभाळायला दिलेत. मी त्या हातांकडे बघायचं टाळलं.

"आरोपीनं तुमच्या दुकानाचं शटर ओढलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"फोनवर हात ठेवला?"

"हो."

"तुम्ही घाबरलात?"

"खूप."

"आणि मग त्यानं तुम्हाला बळजबरीनं टेम्पोत बसवलं."

"नाही. मी बसले."

वकील थांबले. "घाबरलेल्या असताना?"

"हो."

"बाई, नीट आठवून सांगा. तुम्ही आत्ताच म्हणालात, खूप घाबरलात."

कठड्याला धरून मी उभी होते. सोपान मागच्या बाकावर, अण्णारावांच्या शेजारी बसला होता. मला तो दिसत नव्हता, पण तो तिथं आहे हे पाठीला कळत होतं. मला वाटलं होतं, इथं येऊन तरी भीती जाईल. गेली नव्हती. ती घेऊनच बोलायचं होतं.

"साहेब," मी न्यायाधीशांकडे बघून म्हणाले, "याचे हात ट्रॅक्टरखाली सापडले नाहीत. ट्रॅक्टर उचललं, पोराला बाहेर काढलं, जीपमध्ये घातलं, तोवर याचे दोन्ही हात चांगले होते. मी जाताना वळून बघितलं. हा एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं सोडवत होता."

"तेव्हा तिथं आणखी कोण होतं?"

मागं बाक करकरला. कुणीतरी उठून उभं राहिलं होतं.

मी न वळता नावं सांगायला सुरुवात केली.